दुसऱ्या नजरेसाठी राहिलेला ठिपका

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, आकाशाचं काडीइतकंही कौतुक नव्हतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दुर्बीण घेतली, तेव्हा अक्कानं तिचं नाव ‘पाइप’ ठेवलं. मी गच्चीवर निघाले की खालून विचारायची, ‘काय ग, पाइपाला पाणी आलं काय?’ मला राग लवकर येतो आणि अक्काला तो आणायची भारी हौस. बेंगळुरूत जे. पी. नगरच्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. तिचं लग्न झालं नाही, माझं झालं पण टिकलं नाही, त्यामुळे भांडायला एकमेकींशिवाय कोणी उरलं नव्हतं.

म्हणून एका सकाळी तिनं स्वतःहून विचारलं, ‘तुझ्या पाइपातून चंद्रावर पडणारं यान दिसंल काय?’ तेव्हा मी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. अक्का काही महिने अंथरुणाला खिळलेली होती. पोटातला रोग यकृतापर्यंत पोचला होता आणि डॉक्टरांनी औषधं आता दुखणं कमी करण्यापुरतीच ठेवली होती. त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो. पेज जास्त पातळ झाली की कमी पातळ, एवढंच बोलत होतो.

बातमी कन्नड पेपरात आतल्या पानावर आली होती, चार ओळींची. कित्येक वर्षं चंद्राभोवती फिरणाऱ्या एका यानातलं इंधन संपत आलं होतं. ते भरकटून भलतीकडे आदळण्यापेक्षा ठरवून चंद्रावर पाडायचं, असं ते चालवणाऱ्यांनी जाहीर केलं होतं. त्या यानातल्या एका डब्याच्या तारा अक्कानं बांधल्या होत्या. यान कोणत्या देशाचं हे मी लिहीत नाही. अक्कानं गप्प राहण्याच्या कागदावर सही केली होती, आणि ती जिथे असेल तिथे अजून गप्पच असेल.

आमच्या वडिलांचं पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, शिवणाचं दुकान होतं. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच धंद्यातलं, कधीकाळी इकडे आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. परकर-पोलक्यातली अक्का दुकानाच्या पायरीवर बसून शर्टांची काजं करायची. पुढे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका खासगी कारखान्यात तिला नोकरी लागली. तिथे यानांच्या आतल्या तारा जुळवायचं काम चाले. केसासारख्या बारीक शेकडो तारा, त्यांचे जुडगे करायचे आणि ठरल्या अंतरावर मेणाच्या दोऱ्यानं गाठ मारून बांधायचे. गाठ सैल राहिली तर तारा हलून घासतात, फार आवळली तर आतली तार दबते. डोक्याला टोपी, अंगात पांढरा कोट आणि तोंडाला फडकं बांधून अक्का निवृत्त होईपर्यंत त्या गाठी मारत राहिली. लग्नासमारंभात कोणी विचारलं तर ‘दोऱ्याचं काम करते’ म्हणायची आणि पुढच्या ताटात काय वाढायचं ते बघायची.

कारखान्यातला एक नियम मात्र ती सोवळ्यासारखा पाळायची. जिनं गाठी मारल्या तिनं त्या तपासायच्या नाहीत. काम संपलं की जुडग्याला एक पिवळा दोरा बांधायचा. त्याचा अर्थ, दुसरी नजर बाकी आहे. मग दुसरी बाई येणार, पहिलीला एक अक्षर न विचारता सगळं पहिल्यापासून बघणार, आणि पटलं तर आपल्या कात्रीनं तो पिवळा दोरा कापणार. तोवर काम झालं असं धरायचं नाही, पहिलीला कितीही खात्री असो. हे वेड तिनं घरीही आणलं होतं. मी गॅस बंद केला म्हटलं तरी ती उठून बघून यायची, आणि मी म्हणायची, ‘बँकेत माझ्या सहीवर तिजोरी उघडायची, इथं शेगडीवर विश्वास नाही.’

त्या सकाळी ती म्हणाली, ‘डबा बंद झाला ते मी बघितलं. मग यान गेलं, परत कोणी बघितलंच नाही बघ. शेवट तरी घरातल्या कोणी बघितला पाहिजे. तू बघ. मी असेपर्यंत मला सांग, पडलं म्हणून.’

‘मी असेपर्यंत’ हे ती इतक्या सहज बोलली की मी सहजच ‘सरी’, म्हणजे ‘बरं’ म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

आता असं यान पडताना दिसतं म्हणजे काय दिसतं, हे सांगायला हवं. काहीही दिसत नाही, असं म्हटलं तरी चालेल. ते यान चंद्राच्या काळोख्या भागावर पडणार होतं, दक्षिणेच्या कडेजवळ. आदळण्याच्या क्षणी फार तर एक ठिणगी उडते, पापणी लवायच्या आत विझते. डोळ्यांनी ती सापडणं नशिबाचा भाग, म्हणून दुर्बिणीला कॅमेरा लावून सलग चित्रण करायचं आणि नंतर एकेक चित्र थांबवून शोधायचं. त्यातही गोम अशी की कॅमेऱ्याला असे ठिपके उगाचच दिसतात. आभाळातून येणारा एखादा अदृश्य कण कॅमेऱ्याच्या आतल्या चकतीवर आपटला तरी तस्साच ठिपका उमटतो. म्हणून आम्हा हौशी लोकांमध्ये एक पद्धत आहे. एकाच वेळी दोन दूरच्या ठिकाणांहून चित्रण करायचं. दोन्हींत, त्याच क्षणी, त्याच जागी ठिपका असला तर तो खरा. एकट्याच्या ठिपक्याला कोणी विचारत नाही.

हे ऐकून अक्का उशीवर कोपरावर रेलली. इतक्या वर्षांत माझ्या छंदाकडे ती पहिल्यांदाच आदरानं बघत होती.

‘म्हणजे तुमच्यात पण पिवळा दोरा आहे म्हण की,’ ती म्हणाली.

माझी दुसरी नजर म्हणजे शहरातल्याच पण लांबच्या बेळ्ळंदूरची एक मुलगी. मुलगी म्हणायचं, पण पस्तिशीची बाई, मूळची नागपूरची, संगणकाच्या कंपनीत लोकांच्या चुका काढायचा पगार घेणारी. आमची ओळख हौशी निरीक्षकांच्या फोनवरच्या ग्रुपात झाली. ती उंच इमारतीत राहायची आणि तिथल्या गच्चीवरून तिला अर्धं आभाळ दिसायचं. अक्काची गोष्ट तिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘काकू, टेन्शन नका घेऊ. मी आहे ना. आपण फुल प्रॅक्टिस करू.’ आणि खरंच केली. आधीच्या महिन्यात चंद्र कोरीचा होता तेव्हा रोज संध्याकाळी आम्ही दोघी आपापल्या गच्चीवर उभ्या राहून फोनवर बोलत एकाच विवरावर दुर्बिणी लावायचो. मी नकाशा छापून पाठवला, तिनं तो पुठ्ठ्यावर चिकटवला. घड्याळं इंटरनेटवरून जुळवली. काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही.

तो दिवस उजाडला तोच मळभ घेऊन. बेंगळुरूच्या आभाळाचा काही नेम नाही हे मान्य, पण त्या दिवशी ते जणू माझ्यावर डूख धरून बसलं होतं. दुपारी पश्चिमेकडे ढगांची गोधडी पसरली. मी दर थोड्या वेळानं गच्चीवर जाऊन बघत होते आणि खाली येऊन अक्काला खोटं सांगत होते, की विरतंय, विरतंय. तिला त्या दिवशी सकाळपासून ग्लानी होती. मला एकच धास्ती होती, की यान पडायच्या आधी ती जाईल, किंवा यान पडेल आणि मला दिसणार नाही. दोन्हींपैकी कशालाच माझा इलाज नव्हता, आणि ज्याला इलाज नाही अशा गोष्टीचा मला फार संताप येतो. मी त्या संतापात गच्ची दोनदा झाडली.

सूर्य बुडाला आणि ढग खालच्या बाजूनं फाटले. कोर दिसली, बारीक, शेजाऱ्यांच्या नारळाच्या झावळीत अडकलेली. मी दुर्बीण तिपाईसकट उचलून पाण्याच्या टाकीपलीकडे नेली, पाठीत उसण भरली ती तशीच ठेवली. खाली अक्काजवळ शेजारच्या अम्मा बसल्या होत्या. औषधाच्या डब्याला टेकवून तिचा फोन उभा केला होता, त्यावर माझ्या कॅमेऱ्यातलं चित्र अक्काला दिसत होतं. काळोख्या चंद्रावर पृथ्वीकडून गेलेला उजेड पडतो, त्यानं तो राखेसारखा दिसतो. मी चकचकीत कोर चौकटीबाहेर ठेवली आणि ती राख तेवढी आत घेतली.

तेवढ्यात नागपूरकरणीचा फोन आला. आवाज रडवेला. ‘काकू, टेरेसला लॉक आहे. असोसिएशननं परमिशन दिली होती, पण सिक्युरिटीवाला बदललाय, त्याच्याकडे की नाहीये. मी सेक्रेटरीला कॉल करतेय, ते उचलत नाहीयेत.’

‘कुलूप तोड,’ मी म्हटलं.

‘काकू, कसं तोडू?’

‘कसं तोडतात कुलूप? कशानंही तोड.’

ती बिचारी कुलूप तोडणाऱ्यांपैकी नव्हती. पण तिनं कुठूनतरी किल्ली मिळवली. पुन्हा फोन आला तेव्हा ती धापा टाकत होती. ‘लागला, काकू. चंद्र मिळाला. रेकॉर्डिंग चालू.’ माझा जीव भांड्यात पडला. फोन चालू ठेवला होता, त्यातून तिच्याकडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. ठरलेल्या वेळेच्या आसपास, थोडं पुढेमागे, असं सांगितलेलं होतं, कारण तिथला डोंगर नेमका किती उंच हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी पडद्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले की पुसायचे आणि परत बघायचं. ‘पड,’ मी मनात म्हणत होते, ‘बाई, आता पड.’ मग पुन्हा ढग आला, चंद्र पुसला गेला, आणि वेळही निघून गेली होती. मला काहीएक दिसलं नव्हतं.

खाली आले तर अक्का जागी होती. अम्मा म्हणाल्या, तिनं पापणी हलवली नाही.

‘पडलं?’ अक्कानं विचारलं.

‘चित्रणात शोधावं लागेल. स्वल्प थांब.’

तिच्या पलंगाशेजारीच बसून मी लॅपटॉपवर एकेक चित्र पुढे सरकवत गेले. राख, राख, राख. मान अवघडली. अम्मांनी केलेली कॉफी गार झाली. आणि मग एका चित्रात, दक्षिणेच्या कडेजवळ, जिथे असायला हवा तिथेच, एक ठिपका होता. पांढरा, मोहरीएवढासुद्धा नाही. आधीच्या चित्रात नव्हता, नंतरच्यात नव्हता. मी पुन्हा मागे गेले, पुन्हा पुढे आले. होता. मी अक्काचा हात धरला.

‘सापडला?’

‘सापडला ग. हा बघ. ही तू.’

अक्का डोळे बारीक करून खूप वेळ बघत राहिली. बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘दुसरीनं बघितला?’

मी लगेच फोन लावला. नागपूरकरीण खुशीत होती. तिच्याकडे अजिबात ढग आला नव्हता, चित्रण काचेसारखं स्वच्छ होतं. मी तिला वेळ सांगितली. ती त्या चित्रापाशी गेली. तिथे काही नव्हतं. मागेपुढे बघितलं, काही नव्हतं. मी म्हटलं, मला ते चित्र पाठव. तिनं पाठवलं. मी ते माझ्या चित्राशेजारी ठेवलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तो भागच वेगळा होता. तिची दुर्बीण सगळा वेळ उत्तरेच्या कडेवर लागलेली होती.

ते कसं झालं हे तिलाही लगेच कळलं नाही. दुर्बिणीला मागून सरळ कॅमेरा लावतात, तसा लावायची तिची सवय होती. पण त्या दिवशी किल्लीच्या घोळात तिला गच्चीची ठरलेली जागा मिळाली नाही. कठड्याला चिकटून उभं राहावं लागलं, आणि तिथे मागच्या बाजूला वाकायला जागाच नव्हती. म्हणून तिनं घाईत मध्ये काटकोनी आरसा बसवला. मान न मोडता वरून बघता यावं म्हणून असा आरसा लावतात. पण आरसा म्हटला की डावं-उजवं उलटं होणार. तिच्या पुठ्ठ्यावरच्या नकाशात कोरीच्या ज्या हाताला दक्षिण होती, आरशातून बघताना त्या हाताला उत्तर आली. राखेच्या रंगाच्या त्या चंद्रावर खुणा नीट दिसत नव्हत्या. नकाशाबरहुकूम ती बरोबर चुकीच्या टोकाला गेली.

मी तिला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अक्कानं उशीवरून हात हलवून मला थांबवायचा प्रयत्न केला, पण मी कुठली थांबतेय. पलीकडून ती फक्त ‘हो काकू, हो काकू’ म्हणत होती. फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे ओरडायलाही काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नागपूरकरीण स्वतः आली. बेळ्ळंदूरहून जे. पी. नगर म्हणजे त्या रहदारीत दुसऱ्या गावी जाण्यासारखं. हातात डबा होता, त्यात सांभारवडी, तिच्याकडची कोथिंबीर भरलेली वडी. डोळे सुजलेले. मी दार उघडलं आणि आत वळले, ये म्हटलं नाही. ती माझ्या मागोमाग अक्काच्या खोलीत आली आणि पलंगाच्या पायाशी उभी राहिली.

‘सॉरी, अक्का,’ ती म्हणाली. ‘माझ्यामुळे गेलं तुमचं.’

अक्कानं तिला जवळ बसवून घेतलं. ‘आरसा मध्ये आला म्हणे?’

‘हो.’

‘आमच्याकडं पण तेच. तारांच्या टोकाला ते कनेक्टर असतात बघ, भोकांचे. समोरून बघितला तर एक नंबरचं भोक डावीकडं, मागून बघितला तर उजवीकडं. तारा मागून घालायच्या असतात आणि चित्र समोरचं असतं. पहिल्या वर्षी सगळ्याच पोरी रडतात. मी तर अख्खा जुडगा उलटा घातला होता.’

‘मग?’

‘मग काय. दुसरीनं धरलं ना मला. तेवढ्यासाठीच दुसरी असते.’

ती हे समजूत घालायला म्हणाली. पण तोच घाव होता, कारण यानाच्या बाबतीत आता कोण कोणाला धरणार होतं? ते गेलं होतं. मला राहवेना. मी अक्काच्या समोर बसले आणि तिला अक्षरशः विनवलं. ‘अक्का, मी सांगते ना. जागा तीच आहे, वेळ तीच आहे. तोच ठिपका आहे. मान तू. माझ्यासाठी मान.’

अक्का हसली. दुखत असताना माणूस हसतो तसं. ‘तू बांधलेलं तूच पास करणार?’ ती म्हणाली. ‘पिवळा दोरा बांध त्याला. बाकी ठेव. कोणीतरी असंल की ग. एवढं मोठं जग आहे.’

तिच्या शिवणाच्या डब्यात पिवळा दोरा होता. मी दुर्बीण खाली आणली आणि नळीभोवती तो गुंडाळून गाठ मारली. अक्का बघत होती. ‘सैल आहे,’ म्हणाली. मी सोडून पुन्हा मारली. ‘अजून सैल आहे.’ तिची स्वतःची बोटं आता चमचा धरू शकत नव्हती. तिनं नुसतं तोंडानं सांगितलं, इथून वर घे, वळसा दे, आता ओढ, आणि तिसऱ्यांदा मला ती गाठ जमली. अक्कानं सांभारवडीचा एक घास खाल्ला आणि छान झालीय म्हणाली. तेवढंच तिनं त्या दिवशी खाल्लं.

त्यानंतर मी कोणाकोणाला नाही लिहिलं! ग्रुपांवर लिहिलं, परदेशातल्या लोकांना लिहिलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बँकेच्या पत्रासारखं. उत्तरं येत होती. पुण्यात ढग होते. एकाचं चित्रण सुरूच झालं नव्हतं. एकाकडे वेळेआधी चंद्र मावळला होता, एकाकडे अजून दिवस होता. सगळे गोड बोलत होते, तुमचा ठिपका फार चांगला दिसतोय म्हणत होते. मला त्या गोड बोलण्याचा वीट आला. मला शाबासकी नको होती, दुसरा ठिपका हवा होता.

रोज सकाळी मी तिचं तोंड पुसायला गेले की अक्का विचारायची, ‘कोणी?’ आधी ‘कोणी सापडलं का?’ विचारायची, मग तेवढीही ताकद राहिली नाही, तेव्हा नुसतं ‘कोणी?’ मी म्हणायची, ‘अजून नाही.’ ती ‘सरी’ म्हणून डोळे मिटायची. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसं त्यात तिचं दुखणं औषधाला दाद देईनासं झालं. रात्री ती कण्हायची आणि मला वाटायचं, ही कशासाठी थांबलीय? माझ्या त्या ठिपक्यासाठी? मग एक शब्द बोलून मी हिला सोडवू शकते. ‘सापडलं’ एवढाच एक शब्द.

एका सकाळी मी तो बोलणार होते. ठरवून आले होते. गाव कोणतं सांगायचं तेही ठरवलं होतं. तिनं विचारलं, ‘कोणी?’ मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती. सगळं अंग वाळलं होतं, पण नजर तीच, मी गॅस बंद केला म्हटल्यावर उठून जाणारी. ती विचारणार होती, कोण, कुठला, किती वाजता, चित्र कुठाय. आणि माझ्याकडे काही नव्हतं.

‘अजून नाही, अक्का,’ मी म्हटलं.

‘सरी,’ ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. दोन दिवस नुसता श्वास चालू होता, मग तोही थांबला. नागपूरकरीण आली, तिनंच सगळे फोन केले, अम्मांनी दारात पणती लावून ठेवली. मी कोणाशी भांडले नाही. लोक म्हणाले, किती शांतपणे घेतलं. मी शांत नव्हते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की एक खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? समाधानानं गेली असती. आजही मला याचं उत्तर देता येत नाही, आणि कोणी देऊ लागलं तर मला ते ऐकवत नाही.

बऱ्याच महिन्यांनी एक पत्र आलं, फोनवरच, सोलापूरकडच्या एका शाळामास्तरांचं. त्यांनीही त्या संध्याकाळी चित्रण केलं होतं आणि विसरून गेले होते. माझं लिहिणं त्यांनी उशिरा वाचलं, मग जुनं चित्रण काढून बघितलं. दक्षिणेच्या कडेजवळ त्यांच्याकडे एक ठिपका होता. मी ते वाचलं आणि खुर्चीत बसले, उठले, परत बसले. अक्काच्या रिकाम्या पलंगाकडे बघून मोठ्यानं म्हटलं, ‘सापडलं ग.’

पण पत्र अजून बाकी होतं. त्यांनी पुढे लिहिलं होतं की लॅपटॉपचं घड्याळ त्या दिवशी जुळवलेलं नव्हतं. ते किती पुढे की मागे होतं ते आता सांगता येत नाही. शिवाय चंद्र हलत होता, त्यामुळे जागाही अंदाजानंच. ‘पण त्यात काय,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘तुम्ही तुमची वेळ कळवा, मी माझी तिला जुळवून घेतो. दोन्ही मिळून पाठवू. आपल्या दोघांचंही नाव होईल.’ माणूस लबाड नव्हता. त्याला खरोखरच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी ‘हो, चालेल’ असं लिहिलं. आपली वेळही लिहिली. आणि बोट पाठवण्याच्या खुणेवर ठेवून बसून राहिले. ती दुसरी नजर नव्हती. माझ्याच डोळ्यांवर मास्तरांचा चष्मा चढवायचा होता. अक्कानं ते पत्र एकदा वाचून परत दिलं असतं आणि विचारलं असतं, जेवायला काय केलंस. मी लिहिलेलं सगळं खोडलं आणि मास्तरांना कळवलं, आभारी आहे, पण हे धरता येणार नाही. मग लॅपटॉप मिटला आणि अक्काच्या पलंगावर आडवी होऊन पोटभर रडले, नळ न सोडता.

नागपूरकरीण अजून येते. चंद्र कोरीचा असला की ती माझ्या गच्चीवर दुर्बीण लावते, आणि लावायच्या आधी तो काटकोनी आरसा काढून तळहातावर धरून मला दाखवते. ‘काढला, काकू.’ मी बघते आणि मान हलवते. परवा तिनं विचारलं, तुमच्या दुर्बिणीवरचा हा दोरा आता मळलाय, काढून टाकू का? मी तिला म्हटलं, नाही, तो दुसऱ्यानं कापायचा असतो. कोण दुसरं, ते तिनं विचारलं नाही. ते यान पुन्हा पडणार नाही हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. गाठ मात्र घट्ट आहे. दुर्बिणीवरची धूळ पुसते तेव्हा मी त्या गाठीच्या कडेकडेनं फडकं फिरवते.